मदत हवी आहे: इंग्रजी रिपोर्टमधले ‘पिवळे पीतांबर’ कसे ओळखायचे?

मकरपुरा_शिफ्ट:
बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) मेंटेनन्सचे रिपोर्ट लिहितो. ‘फालतू शब्द काढा’ असा शेरा मारून परत येतात. कुठले काढायचे? नमुना देतो:
‘प्लीज बी इन्फॉर्म्ड दॅट द पंप वॉज रिपेअर्ड अगेन फॉर द सेकंड टाइम ॲट 6 ए.एम. इन द मॉर्निंग ड्यू टु द रीझन ऑफ सील लीकेज.’

सूरसागर:
पहिले चार शब्द काहीच सांगत नाहीत, सरळ उडवा. ‘ए.एम.’ आलं की ‘इन द मॉर्निंग’ कशाला? ‘सेकंड टाइम’ म्हटल्यावर ‘अगेन’ आलंच. ‘ड्यू टु द रीझन ऑफ’ऐवजी ‘बिकॉज’. उरतं ते असं: ‘ॲट 6 ए.एम. द पंप वॉज रिपेअर्ड फॉर द सेकंड टाइम बिकॉज द सील लीक्ड.’ 26 शब्दांचे 15 झाले. वेळ मुद्दाम पुढे आणली आहे. ती शेवटी गेली तर सहाला सील गळलं की दुरुस्ती झाली, हे कळणार नाही.

असे बरेचसे फालतू शब्द आपल्या मराठीतून येतात. ‘परत’ मनात असतं म्हणून ‘रिटर्न बॅक’, ‘बद्दल’ असतं म्हणून ‘डिस्कस अबाउट’. ‘रिटर्न’मध्ये परत आहेच, आणि ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं: ‘डिस्कस द लीकेज’.

विशेषणाला उलटं करून बघा. ‘ॲडव्हान्स प्लॅनिंग’: मागाहून प्लॅनिंग होतं का? नाही, मग ‘ॲडव्हान्स’ खोडा. ‘फायनल रीडिंग’ मात्र राहू दे. आधी इनिशियल रीडिंग घेतलेलं असतं.

दांडियाबाजार:
छोट्या रूपांकडेही बघा. ‘जीएसटी’मधला टी म्हणजेच टॅक्स, ‘एसओपी’मधला पी म्हणजे प्रोसीजर, पुढे पुन्हा तोच शब्द नको. पण ‘पीएनआर नंबर’ बरोबर आहे, त्यातला एन ‘नेम’चा. फोड माहीत नसताना कात्री लावू नका.

मकरपुरा_शिफ्ट:
आणि ‘प्लीज रिव्हर्ट बॅक’? बाहेरच्या पार्टीला जाणाऱ्या मेलमध्ये रोज असतं.

सूरसागर:
‘बॅक’ काढून भागणार नाही. ‘रिव्हर्ट’ म्हणजे उत्तर द्या, हे आपल्याकडे चालतं. परदेशी वाचणारा ‘पूर्वस्थितीला जा’ असा अर्थ घेऊ शकतो. ‘प्लीज रिप्लाय बाय फ्रायडे’ लिहा. करारातल्या ‘नल अँड व्हॉइड’सारख्या जोड्यांना मात्र वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.