मदत हवी आहे: चाकगाडीवरच्या कुत्रीला वृद्धाश्रमात न्यायचंय (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमची चिमी गावठी आहे, अपघातानंतर कमरेखाली लुळी. मागे दोन चाकांची गाडी लावली की मजेत हिंडते. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर वॉकर घेऊन येणारे एक आजोबा तिची वाट बघतात. अर्धांगवायूनंतर ते घराबाहेर पडायलाच तयार नव्हते, असं त्यांच्या सूनबाई म्हणाल्या. तेव्हापासून तिला गंगापूर रोडवरच्या एका वृद्धाश्रमात न्यावं असं फार वाटतंय. तिथले व्यवस्थापक तयार आहेत.

रेबीजची आणि बाकीची लस झालीय, जंताचं औषधही वेळेवर देतो. लघवीवर ताबा नाही, म्हणून निघण्याआधी मूत्राशय दाबून रिकामं करतो आणि डायपर लावतो. अनोळखी माणसं चालतात, फक्त मागून कुणी अचानक धरलं तर दचकते.

अडचण तिथल्या गुळगुळीत फरशीची. पुढचे पाय घसरतात, सगळा भार त्यांच्यावरच. रबरी मोजे घातले, ते ती दातांनी ओढून काढते. तळव्यांमधले केस कापले, थोडाच फरक पडला. सतरंजी नको, आजी-आजोबा अडखळतील.

अशा फरशीवर गाडीवाल्या कुत्र्यासाठी तुम्ही काय वापरता? आणि अंथरुणाला खिळलेल्यांजवळ नेताना गाडी काढून मांडीवर घ्यावं, की गाडीतच ठेवावं?