शैक्षणिक साहित्य भरपूर जमले आहे, पण वर्गात नेमके काय वापरावे आणि अर्जासोबत काय दाखवावे?

प्रश्न : गणित शिक्षिका, सहावी ते आठवी

सर्वांना नमस्कार. मी गेली सात वर्षे गणित शिकवते. या काळात माझ्या संगणकावर कृतिपत्रिका, चित्रफिती, सादरीकरणे आणि इतरांनी केलेली पाठ टाचणे यांचा मोठा साठा झाला आहे. तरीही दर आठवड्याला मी नव्याने शोधाशोध करत बसते, कारण आपल्याकडे काय आहे हे वेळेवर आठवत नाही आणि आठवले तरी ते माझ्या वर्गाला लागू पडेल याची खात्री वाटत नाही.

गेल्या आठवड्यात अपूर्णांकांची तुलना हा घटक दोन सुरेख सादरीकरणांच्या आधारे शिकवला. तासाला मुले उत्साहाने उत्तरे देत होती. दोन दिवसांनी वह्या तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी १/८ हा १/५ पेक्षा मोठा ठरवला होता. कारण विचारले तर ‘आठ हे पाचापेक्षा मोठे’ असे सांगितले.

दुसरी अडचण नोकरीविषयी आहे. पुढील वर्षी दुसऱ्या शाळेत अर्ज करावा असा विचार आहे. प्रशिक्षणांची प्रमाणपत्रे माझ्याकडे आहेत, परंतु मी चांगले शिकवते हे त्यांवरून कोणाला कसे कळणार? आणि वर्ग सोडून प्रशासनाकडे वळणे हाच शिक्षकाच्या प्रगतीचा मार्ग असतो का?

उत्तर १ : विज्ञान व गणित शिक्षक, बावीस वर्षे अध्यापन

ताई, मुलांनी दिलेले ते कारण आपण विचारून घेतलेत, हे फार चांगले केलेत. पूर्णांकांचा नियम अपूर्णांकांना लावण्याची ही चूक सर्वत्र आढळते, आणि सादरीकरण कितीही सुरेख असले तरी ती त्यातून दिसत नाही. ती दिसते नेमक्या प्रश्नातून. म्हणून माझा आग्रह असा की साहित्य शोधण्यात जाणारा वेळ आपण प्रश्न घडवण्याकडे वळवावा.

तासाला उत्तरे देणारी मुले किती होती, हे एकदा मोजून पाहावे. बहुतेक वर्गांत तेच पाच-सात हात वर येतात. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. तोच विराम तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे लांबली, अधिक मुले बोलू लागली आणि गप्प राहण्याचे प्रमाण घटले. मी स्वतः प्रश्न विचारून मनात तीन अंक मोजतो, मग प्रत्येकाला पाटीवर किंवा कागदाच्या तुकड्यावर उत्तर लिहायला लावतो, आणि त्यानंतरच कोणाला तरी बोलायला सांगतो. लिहिलेले उत्तर समोर असले की लाजरी मुलेही बोलतात.

तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे एकच प्रश्न चिठ्ठीवर सोडवून घ्यावा. तो मात्र असा असावा की चुकीचा विचार करणाऱ्याचे उत्तर चुकलेच पाहिजे. २/५ आणि ३/५ यांची तुलना या कामाची नाही, कारण केवळ अंशांकडे पाहणाऱ्या मुलाचेही उत्तर बरोबर येते. ३/८ आणि ३/५ ही जोडी उपयोगाची आहे. दुसऱ्या दिवशी ७/८ आणि ३/५ द्यावी, कारण ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ एवढेच पाठ केलेली मुले तिथे ३/५ मोठा म्हणतात. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करावेत : उत्तर व कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण नाही, आणि उत्तर चूक. मधला गठ्ठा सर्वांत काळजीपूर्वक वाचावा; उद्याचा तास कुठून सुरू करायचा हे त्यातूनच कळते.

साठ्याबद्दल सांगायचे तर प्रत्येक घटकासाठी एकच पान ठेवावे आणि त्यावर तीन गोष्टी असाव्यात : एक चांगले उदाहरण, एक दृश्य साधन आणि शेवटचा प्रश्न, त्याला येणाऱ्या ठरावीक चुकांसह. बाकी सर्व एका वेगळ्या कप्प्यात टाकून वर्षभर उघडू नये. दृश्य साधन म्हणून कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये सुरू झालेल्या फेट (PhET) प्रकल्पाची अपूर्णांकांवरील, संगणकावर हाताळता येणारी प्रतिरूपे विनामूल्य मिळतात. भूमितीसाठी जिओजेब्रा ही संगणक प्रणाली उत्तम आहे, विशेषतः आकृती हलवून काय बदलते आणि काय बदलत नाही हे दाखवायचे असेल तेव्हा. अपूर्णांकांच्या तुलनेला मात्र सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या पुरतात. एकीला चार आणि दुसरीला आठ भागांच्या घड्या घालायला सांगाव्यात. पाच समान घड्या घालणे मुलांना जमत नाही आणि तास त्यातच संपतो.

आणखी एक गोष्ट. नवा घटक सुरू करण्यापूर्वी मागील आठवड्यातील आणि मागील महिन्यातील एकेक प्रश्न वही न उघडता सोडवून घ्यावा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण आठवड्यानंतर चित्र उलटे झाले : मधल्या काळात आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे होते. तासाला उत्साह दिसूनही दोन दिवसांनी काहीच कसे उरत नाही, याचा पुष्कळसा उलगडा यातून होतो.

उत्तर २ : भाषा शिक्षिका

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु पाच वर्गांच्या चिठ्ठ्या रोज वाचणे हे महिनाभरही टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक वर्गासाठी आठवड्यातून एक दिवस ठरवावा आणि तो मोडू नये.

वह्या तपासण्याबाबत एक सुचवावेसे वाटते. रूथ बटलर या शिक्षण-संशोधिकेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही मुलांना केवळ गुण, काहींना केवळ लेखी अभिप्राय आणि काहींना दोन्ही दिले होते. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांची कामगिरी आणि गोडी वाढली. गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळालेल्यांच्या बाबतीत हा लाभ दिसला नाही, कारण गुण दिसले की बाकीच्या मजकुराकडे लक्ष जात नाही. तेव्हापासून निबंधाच्या पहिल्या मसुद्यावर मी गुण लिहीत नाही. समासात एकच सूचना लिहिते आणि ती अमलात आणायला पुढील तासाची दहा मिनिटे देते. ही दहा मिनिटे दिली नाहीत, तर वहीतील अभिप्राय कोणी वाचत नाही.

उत्तर ३ : माजी शिक्षिका, सध्या शिक्षक-प्रशिक्षणात

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. प्रमाणपत्रावरून आपण प्रशिक्षणाला उपस्थित होता एवढेच कळते. मुलाखत घेणाऱ्याला पाहायचे असते ते हे की मुलांना समजले नाही हे आपल्याला कसे कळले आणि मग आपण काय बदलले. त्यासाठी लागणारे सर्व आपल्याकडे आता तयारच होत आहे. पहिल्या दिवसाच्या तीन-चार चिठ्ठ्या, त्या वाचून केलेला बदल, आठवड्यानंतरच्या चिठ्ठ्या आणि आपले अर्ध्या पानाचे चिंतन, इतके एका घटकासाठी पुरे. वर्षातून असे तीन घटक नोंदवावेत. मुलांची नावे झाकावीत आणि शाळेची परवानगी आधी घ्यावी. न साधलेला एखादा पाठही त्यात असू द्यावा; तो प्रामाणिकपणे मांडणाऱ्या उमेदवारावर माझा विश्वास लवकर बसतो.

नमुना पाठ द्यायचा असल्यास मुलांचा मागील घटक कोणता झाला आहे हे आधी विचारून घ्यावे आणि पहिला प्रश्न त्यावरच ठेवावा.

प्रशासन हा एकमेव मार्ग मुळीच नाही. नवोदित शिक्षकांना मार्गदर्शन, प्रश्नपत्रिकांची रचना, पाठ्यसाहित्याचे लेखन, विषयगटाचे नेतृत्व ही सर्व कामे वर्गात राहूनच करता येतात. जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षे शिक्षक गटाने एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांचे निरीक्षण करतात आणि नंतर पाठावर चर्चा होते. ही चर्चा पाठावर असते, शिकवणाऱ्या व्यक्तीवर नसते, आणि म्हणूनच ती सहन होते. आपल्या शाळेत दोन सहकारी तयार झाले तरी सुरुवात करता येईल. मुख्याध्यापकाचे काम हे वेगळ्याच स्वरूपाचे आहे. वेळापत्रके, माणसांमधील तंटे आणि हिशेब यांत मन रमत असेल तरच ते घ्यावे, चांगले शिकवल्याचे बक्षीस म्हणून घेऊ नये.

स्वतः केलेल्या कृतिपत्रिका इतरांना वापराची मुभा देणाऱ्या खुल्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली प्रसिद्ध करता येतात. मात्र नोकरीच्या करारात अशा साहित्याचा हक्क कोणाकडे आहे, हे आधी वाचून पाहावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

तिघांचेही मनापासून आभार. दोन्ही जोड्या वर्गात देऊन पाहिल्या. ३/८ आणि ३/५ पट्ट्यांच्या कामानंतर बहुतेकांना जमली, पण ७/८ आणि ३/५ ला अपेक्षेप्रमाणे अनेक मुले अडली. एरवी कधीही हात वर न करणाऱ्या एका मुलीने चिठ्ठीवर लिहिले होते : ‘७/८ ला पूर्ण व्हायला एकच तुकडा कमी आहे आणि तोही लहान. ३/५ ला दोन मोठे तुकडे कमी आहेत.’ हे मी तिला शिकवले नव्हते. पुढच्या तासाची सुरुवात तिचे वाक्य फळ्यावर लिहून केली. परवानगी मिळाली की ती चिठ्ठी नाव झाकून माझ्या नोंदींच्या पहिल्या पानावर लावणार आहे.