पुणे ते बंगळूर गाडीनं: तुमचे अनुभव लिहा

माळा आवरताना बाबांची वही सापडली. १९९४ साली मामेबहिणीच्या लग्नाला आम्ही फियाटनं बंगळूरला गेलो होतो, त्या प्रवासाची. डावीकडे किलोमीटर, उजवीकडे पेट्रोल, आणि खाली शिसपेनीनं गावांची नावं, कानडी अक्षरांत. पाट्या वाचता याव्यात म्हणून बाबांनी ऑफिसातल्या एका कानडी काकांकडून लिहून घेतली होती. मी मागं बसून वहीतलं अक्षर पाटीशी जुळवायची. "हावेरी!" ओरडले तेव्हा आईनं श्रीखंडाची गोळी दिली होती.
आता लेकीला तिकडं नोकरी लागलीय. सामानासकट गाडीनंच सोडायला जायचंय, ८४० किलोमीटर. तुम्ही कसं आखता? मुक्काम कुठं?

रानवारा
पहाटे ४ ला निघायचं म्हणजे निघायचंच. खंबाटकी अंधारात पार, कोल्हापुरात नाश्ता, हुबळीला जेवण. एका दिवसात होतं, पण दोघं चालवणारे असतील तरच. एकटे असाल तर हुबळीला झोपा, अर्धी वाट तिथं संपते.

मोगरा_७
हुबळी-धारवाड बायपास!! आम्ही गेलो तेव्हा दुपदरी होता, मधे दुभाजक नाही. चौपदरीची सवय झालेली असते आणि अचानक समोरून ट्रक. आमचे हे ओव्हरटेकला बाहेर आले आणि मी नुसता त्यांचा दंड धरला. आता रुंदीकरण चाललंय म्हणे, तरी तिथं घाई नको.

पन्हाळवाट
महिना कुठला ते आधी सांगा. जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. आम्ही कोल्हापुरात मावशीकडं अडकलो, गाडीत लोणच्याच्या बरण्या आणि भावाची नवी गादी. २०१९ च्या ऑगस्टलाही तेच झालं होतं. पावसाळ्यात जाणार असाल तर एक दिवस हाताशी ठेवा.

सईची_आई
पोरगी निपाणीच्या पुढं तवंदी घाटात हमखास उलटी करते. आवळासुपारी आणि पुढची सीट. बाकी रात्री लिहिते, कुकर झाला.

कुंदाप्रेमी
बेळगावचा कुंदा घ्या. धारवाडचा पेढा परतीला.

रानवारा
@कुंदाप्रेमी उलटं! पेढा टिकतो, तो जाताना. कुंदा येताना, म्हणजे घरी ताजा पोचतो.

कुंदाप्रेमी
बरोबर आहे तुमचं. आणि दावणगिरीला लोणी डोसा चुकवू नका.

निळी_छत्री
चित्रदुर्गला पवनचक्क्या दिसल्या की आमची मुलं मोजायला लागतात, तेवढा तासभर शांतता. तिथून बंगळूर २०० किलोमीटर. संध्याकाळी नेलमंगलला पोचाल असं आखू नका, शेवटचे ३० किलोमीटर दिवसभरापेक्षा जास्त दमवतात. तुमकूरला थांबून सकाळी लवकर शिरा.
ताई, वडील आहेत का अजून?

(धागाकर्ती)
नाहीत हो, चार वर्षं झाली. म्हणून तर वही हातात घेऊन माळ्यावरच बसून राहिले.
जूनअखेर जायचंय, @पन्हाळवाट, एक दिवस धरते जादा. हुबळीचा मुक्काम नक्की.

मोगरा_७
😔 लेकीला "ऊटा आय्ता?" शिकवून ठेवा, जेवण झालं का. घरमालकीणबाई खूश होतील.
वहीचा फोटो टाका ना.

(धागाकर्ती)
उद्या दिवसा काढते. शिसपेन पुसट झालीय, दिव्यात नीट येत नाही.