किल्ल्याचे फोटो स्पर्धेसाठी रविवारी रात्री ८ च्या आत जायला हवेत (सोसायटी ग्रुप, गुरुवार)

*कुलकर्णी काकू, बी-२०४ (७:४२)*
मुलं नऊ दिवस मातीत हात घालून बसली होती. राजगडाच्या तिन्ही माच्या, बालेकिल्ला, नेढं (कड्यातलं आरपार भोक), सगळं केलंय. आणि आत्ता ग्रुपवर आलेले सहा फोटो बघा. सगळे उभ्याने, वरून, फ्लॅश मारून. मातीचा ढीग आणि त्यावर सांडलेले मावळे. गेल्या वर्षी प्रतापगडाचं हेच झालं. परीक्षक आधी फोटोच बघतात. कोणाला नीट काढता येत असतील तर बोला, नाहीतर पाठवूच नका.

*देशपांडे काका, ए-१०१ (७:४४)*
फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नयेत. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत. फोटो म्हणून पाठवले की आकार कमी होतो, मावळ्यांचे चेहरे पुसट होतात.

*शिंदे ताई, ए-४०१ (७:४६)*
ते सहापैकी दोन माझे आहेत. कौतुकाने काढले होते. असो.

*कुलकर्णी काकू (७:४७)*
नाव घेऊन बोलले नाही हो मी. आदरच आहे.

*रोहन, सी-५०२ (७:५३)*
काकू, मावळा असो की डायकास्ट गाडी, खेळण्याच्या फोटोचा पहिला नियम एकच. लेन्स खेळण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. आपले मावळे साडेसात सेंमीचे आहेत, म्हणजे लेन्स जमिनीपासून सहा-सात सेंमीवर हवी. फोन सरळ धरला तर कॅमेरा वरच्या कोपऱ्यात राहतो, तेवढा खाली येत नाही. फोन उलटा धरा, कॅमेऱ्याची बाजू जमिनीला टेकवा. फोटो नंतर फिरवता येतो. माचीवरच्या मावळ्यासाठी फोन माचीच्या पातळीवर न्या, खाली विटा रचा.

*जाधव वहिनी, बी-१०२ (७:५५)*
म्हणजे आता सगळ्यांनी पार्किंगमध्ये लोटांगण घालायचं 😄 पुण्य आणि फोटो एकदम!

*साठे आजोबा, सी-१०३ (७:५८)*
खाली पोतं अंथरा म्हणावं. फरशी गार असते.

*मृणाल, बी-३०१ (८:०४)*
रोहनशी सहमत, पण "जवळ जा" हे मात्र करू नका. बऱ्याच नव्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला १५ ते २५ सेंमीच्या आत फोकस होत नाही. आणखी जवळ नेला की काही फोन गुपचूप अल्ट्रावाइडवर, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर जातात. मग पुढच्या मावळ्याचा भाला खांबाएवढा होतो आणि मागचा बालेकिल्ला लिंबाएवढा. आत्ताच्या सहा फोटोंपैकी दोनांत हेच झालंय. आयफोनच्या काही मॉडेलवर अशा वेळी पिवळं फूल दिसतं, त्यावर टॅप करून ते बंद करा. अर्धा मीटर मागे या आणि २एक्स किंवा ३एक्स झूम लावा. मागचा डोंगर मावळ्याच्या मानाने मोठा येतो. गड मोठा दिसायला आपल्याला तेच हवंय.

*देशपांडे काका (८:०५)*
आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत.

*शिंदे ताई (८:०९)*
पोर्ट्रेट मोडमध्ये काढले तर मागचं धूसर होईल ना? माझ्या फोनमध्ये छान येतं.

*मृणाल (८:१३)*
माणसांचं छान येतं, ताई. मावळ्याचं नाही. फोन कडा अंदाजाने कापतो, त्यामुळे भाल्याचं टोक, तलवार आणि भगव्याची काठी अर्धी गायब होते. शिवाय मागे गड दिसायला हवा, तो धूसर केला तर मुलांनी नऊ दिवस केलं काय? साध्या मोडमध्येच काढा.
मोठा कॅमेरा आणणाऱ्यांसाठी: ५० मिमीची लेन्स ४५ सेंमीवर धरली तर एफ/२.८ ला (लेन्सचं छिद्र मोठं) जेमतेम सेंमीभर खोली स्पष्ट येते, एफ/८ ला (छिद्र लहान) दोन-तीन सेंमी. म्हणून एफ/८ ते एफ/११. त्यापुढे एफ/२२ पर्यंत नेलं तर सगळंच मऊ पडतं. जे मावळे एका फोटोत हवेत ते कॅमेऱ्याला समांतर एका रेषेत उभे करा, फोकस डोळ्यांवर. ट्रायपॉड नसेल तर वाळूची पिशवी आणि २ सेकंदांचा टायमर. बोटाच्या धक्क्यानेही फोटो हलतो.

*पाटील, सेक्रेटरी (८:१६)*
सूचना: उद्या सकाळी ११ ते १ पाणी बंद. टाकी धुणार आहेत. कृपया साठवून ठेवावे.

*जाधव वहिनी (८:१७)*
गडावरची टाकीसुद्धा धुणार का? 😄

*कुलकर्णी काकू (८:१९)*
पाटील साहेब, पाण्याचं कळलं. त्या हॅलोजनचं काय? मी मंगळवारीच लिहिलं होतं. त्याच्याने अख्खा गड हळदीत बुडवल्यासारखा दिसतो.

*पाटील, सेक्रेटरी (८:२२)*
मॅडम, हॅलोजन सुरक्षेसाठी आहे. कमिटीच्या ठरावाशिवाय बंद करता येणार नाही.

*रोहन (८:३०)*
पाटील काका, पूर्ण रात्र नको, अर्धा तास पुरे. अडचण पिवळेपणाची नाही, सरमिसळीची आहे. हॅलोजन पिवळा, जिन्यातली ट्यूब निळसर, आकाशकंदील केशरी. एका फोटोत तीन रंगांचा उजेड असला की फोनला पांढरं म्हणजे काय तेच कळत नाही. एकाच जातीचा दिवा ठेवला की व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसण्याची जुळणी) एका झटक्यात बसतो.
दुसरं, एलईडी माळा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना दिसत नाही, फोटोत आडवे पट्टे येतात. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. स्वस्त माळांना त्यानेही पट्टे आले तर १/२५.

*मृणाल (८:३४)*
खरं तर दिवसाउजेडीच काढा. सकाळी ७ ते ८. तिरकं ऊन पडतं, प्रत्येक दगडाची सावली लांब जाते आणि तटबंदी उठून दिसते. दुपारचं ऊन डोक्यावरून येतं, फेट्याची सावली चेहऱ्यावर पडते. सावलीची बाजू अगदी काळी पडली तर समोर पांढरी कार्डशीट किंवा थर्माकोल २०-२५ सेंमीवर धरा, उजेड परत फिरतो.
फ्लॅश बंद म्हणजे बंद. तो समोरून सपाट पडतो, सावलीच उरत नाही, आणि रंगवलेल्या गालावर पांढरा डाग येतो. रात्री हवाच असेल तर दुसऱ्या फोनचा टॉर्च डावीकडून, थोडा वरून, मध्ये बटर पेपर. बटर पेपर टॉर्चला चिकटवू नका, दहा सेंमी पुढे धरा. उजेडाचं क्षेत्र जेवढं मोठं, तेवढी सावलीची कड मऊ.

*देशपांडे काका (८:३५)*
सर्व माहिती उपयुक्त. तथापि फोटो डॉक्युमेंट म्हणून न पाठवल्यास सर्व मेहनत वाया.

*जाधव वहिनी (८:३६)*
काका, तुमचा हा मेसेजच एकदा डॉक्युमेंट करून पिन करा 🙏

*देशपांडे काका (८:३७)*
वहिनी, थट्टा करू नये. गेल्या वर्षी कोणी ऐकले नाही.

*कुलकर्णी काकू (८:३८)*
काकांचं बरोबर आहे. मूळ फोटो फोनमधून डिलीटही करू नका कोणी.

*साठे आजोबा (८:४५)*
एक विचारतो. किल्ल्यापुढच्या फलकावर "युनेस्को यादीतील तोरणा व राजगड" असं लिहिलंय. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले यादीत आले. ११ महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. राजगड आहे, तोरणा त्यात नाही.

*शिंदे ताई (८:४७)*
फलक माझ्या मुलीने रंगवलाय आजोबा. तोरणा किती महत्त्वाचा गड आहे! यादीत नसला म्हणून काय झालं?

*साठे आजोबा (८:५०)*
बाळा, तोरण्याचा मान कमी नाही. पण फलक फोटोत दिसणार आणि परीक्षक तो आधी वाचणार. तेवढा शब्द पुसून घ्या. अक्षर फार सुरेख आहे तिचं.

*शिंदे ताई (८:५२)*
सांगते तिला.

*कुलकर्णी काकू (८:५३)*
आता फोटोतल्या गोष्टींचा विषय निघालाच आहे, तर प्रत्येक फोटोत सुवेळा माचीच्या मागे पांढऱ्या गाडीचा बंपर दिसतोय. आदरपूर्वक सांगते.

*शिंदे ताई (८:५४)*
आदरपूर्वक सांगते, ती जागा आमची आहे. पैसे भरतो आम्ही तिचे.

*पाटील, सेक्रेटरी (८:५५)*
पार्किंगचा विषय कृपया या ग्रुपवर नको.

*रोहन (९:०३)*
गाडी राहिली तरी चालेल. मागे ए-२ आकाराचा आकाशी कार्डबोर्ड लावा, गडापासून किमान ४० सेंमी लांब, नाहीतर गडाची सावली आकाशावर पडते आणि सगळं सोंग उघडं पडतं. कोपरे दिसत नाहीत ना ते आधी बघा.

आता प्रमाणाबद्दल. हे कोणी मनावर घेत नाही, पण फोटो खरा वाटतो की खेळणं वाटतं ते इथेच ठरतं. साडेसात सेंमीचा मावळा म्हणजे पावणेदोन मीटरचा माणूस, साधारण १:२३. म्हणजे एक मिलिमीटरचा खडा त्याच्यासाठी सव्वादोन सेंमीची खडी. आत्ता पायवाटेवर जे खडे आहेत ते त्याच्या गुडघ्याएवढे आहेत. कोरडी माती चहाच्या गाळणीने चाळून वाटेवर भुरभुरवा. अळीव पाच सेंमीचं झालंय, ते त्याच्या छातीपाशी येतं, म्हणून दाराजवळचं कात्रीने दोन सेंमीवर छाटा. मोहरी उंच राहू दे, ती झाडं म्हणून शोभते.
मावळे दोन आकारांचे आहेत. मोठे पुढे, चार सेंमीवाले बालेकिल्ल्याच्या दाराशी. अंतर आपोआप वाढलेलं दिसतं. दोन्ही शेजारी उभे केले तर मात्र काम संपलं. आणि माझ्या पुतण्याने ठेवलेली लाल गाडी काढा, ती १:६४ ची आहे.

*जाधव वहिनी (९:०५)*
गाडीवाल्यांनी गाडी काढावी, हे शेवटी रोहनलाच म्हणावं लागलं 😄

*मृणाल (९:१२)*
मावळे तिरके उभे आहेत. तळ ३ मिमी मातीत रोवा आणि तळाची कड चाळलेल्या मातीने झाका. तळाची चकती दिसली की खेळणं दिसलं. जो उभा राहत नाही त्याच्या मागे टूथपिक, कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूला. धूळ मऊ कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं नको, पोस्टर कलर उतरतो, आणि शाडूचा असेल तर मावळाच विरघळतो. अळिवावर पाणी मारण्याआधी मावळे उचलून ठेवा.

*कुलकर्णी काकू (९:१५)*
तोफेतून धूर हवाय मुलांना. फटाका लावू का विचारत होती.

*रोहन (९:२१)*
फटाका अजिबात नको. काजळी बसते, आणि गडाच्या पोटात गोणपाट आहे, कोरडं. दोन उदबत्त्या तोफेच्या मागे, गोणपाटापासून लांब, वाटीत वाळू घालून. धूर दिसायला मागे गडद पार्श्वभूमी आणि उजेड मागून किंवा बाजूने हवा. समोरून उजेड पडला तर धूर फोटोत येतच नाही. पंखा बंद, दहा-पंधरा फोटो सलग काढा, एखाद्यातच धुराचा आकार जमतो. शेजारी बादलीभर पाणी ठेवा.

*साठे आजोबा (९:२४)*
नेढ्यातून पलीकडचा उजेड दिसेल असा एक फोटो हवा. राजगड ओळखायची ती खूण आहे.

*मृणाल (९:२७)*
हो! कॅमेरा नेढ्याच्या समोर, पातळीत. भोकाच्या मागे फक्त आकाशी बोर्ड. नेढ्याच्या कडेवर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड लॉक होतो. मग सूर्याची खूण थोडी खाली ओढा, नाहीतर आकाश पांढरं फटक होतं.
पणत्यांचा फोटो सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी. आकाश गडद निळं असतं आणि पणतीही दिसते. पूर्ण अंधारात फक्त ज्योती उरतात, गड नाही. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर पाव ते एक सेकंद, फोन टेकवूनच. आणि त्याआधी लेन्स पुसा. बोटाचा तेलकट ठसा असला की प्रत्येक ज्योतीला झालर येते. फराळाचे हात आहेत सगळ्यांचे.

*पाटील, सेक्रेटरी (९:३४)*
शनिवारी संध्याकाळी ६:१० ते ६:४० हॅलोजन बंद ठेवतो. वॉचमन तिथे उभा राहील. ठरावाचं नंतर बघू.

*कुलकर्णी काकू (९:३५)*
आभारी आहे, साहेब. मनापासून.

*देशपांडे काका (९:३६)*
फोटो डॉक्युमेंट म्हणून

*देशपांडे काका (९:३६)*
चुकून अर्धाच गेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवावेत.

*शिंदे ताई (९:४८)*
लेकीने फलकावरचा "तोरणा व" पुसलाय. गाडी शनिवारी सकाळी ६:४५ ला बाहेर काढून ठेवते, ८ पर्यंत. बोर्ड लावा किंवा नका लावू.

*कुलकर्णी काकू (९:५०)*
ताई, मग नेढ्याचा फोटो तुमच्या लेकीलाच काढू दे. तिची उंची बरोबर माचीएवढी आहे.

*रोहन (९:५२)*
पावणेसातला गाळणी आणि विटा घेऊन येतो. बटर पेपर कोणाकडे आहे?

*जाधव वहिनी (९:५३)*
माझ्याकडे आहे. नानकटाईचा उरलेला, स्वच्छ.