घरीच शिकणारी नाशिकची पोरं : आपापले अनुभव लिहा

गोदाकाठची

लेक सात वर्षांची. पहिलीला नाव घातलं नाही, त्याला दीड वर्ष झालं. "कोणत्या शाळेत गं?" हे तिला रिक्षावाल्यापासून फुलवाल्या मावशींपर्यंत सगळे विचारतात. परवा तिने सांगून टाकलं, "शाळेत नाही जात, बाजारात जाते." मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन गजरे जास्तीचे घेतले.

पहिले तीन महिने मी घराचीच शाळा केली होती. हॉलमध्ये फळा, भिंतीवर वेळापत्रक, नऊच्या ठोक्याला पूजेतली घंटा. लेक फळ्याकडे पाठ करून बसायची. मी रडायचे, मग ती रडायची, सासूबाई मधल्या मध्ये पोहे करून आणायच्या. पावसाळा लागला आणि गाडी आपोआप दुसरीकडे वळली. आम्ही पंचवटीत राहतो. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की सगळ्या आळीचा एकच प्रश्न असतो, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला? लेकीने वहीत मारुती काढला आणि रोज संध्याकाळी पुलावरून बघून निळ्या खडूने पाणी भरायला लागली. खाली तारीख. तारीख लिहायला मी कधी शिकवलंच नाही.

मग क्युसेक आलं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. पाण्याचा जार २० लिटरचा, म्हणजे दीड जारला थोडं कमी. मोबाइलवर आलं होतं, विसर्ग ५,००० क्युसेक. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो तो १०,००० लिटरचा. आम्ही दोघी गॅलरीत बसून हिशोब करत होतो. 'एक' म्हणेपर्यंत चौदा टँकर! तिने नदीकडे पाहून 'एक' म्हटलं आणि गप्प झाली. ऑगस्ट २०१९च्या पुराच्या गोष्टी ती आजीकडून ऐकते, तेव्हा आता "किती क्युसेक होतं?" विचारते. आजीला फक्त माळ्यावर काय काय चढवलं तेवढं आठवतं.

पाटी, देव, मैदान, जे काही असेल ते लिहा. पण फसलं तेही लिहा, नुसते लाडू नकोत.

पायऱ्या_मोजणारा

आम्ही सातपूरचे. मी कंपनीत शिफ्टला आहे, त्यामुळे सकाळ मोकळी मिळते तेव्हा मुलाला घेऊन त्रिरश्मीवर. लोक पांडवलेणी म्हणतात, आमच्या घरी त्रिरश्मीच म्हणतात. लेण्या २४. मुलगा आठ वर्षांचा. वर पोचलो की आधी वंदना, त्रिशरण-पंचशील. दगडात आवाज घुमतो म्हणून तो मुद्दाम हळू म्हणतो. घरी म्हणताना इतका नीट म्हणत नाही, हेही सांगून ठेवतो.

दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव ठेवली. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे (म्हणजे संघाकडे), महिना शेकडा एक व्याजाने, आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण. मूळ रकमेला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. २,०००च्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात, राहणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२. मी घरून चिंचोके नेले होते. शंभराला महिन्याला एक, म्हणजे दोन हजाराला वीस. बारा महिन्यांचे झाले दोनशे चाळीस. पायरीवर बसून त्याने बाराबाराच्या ढिगाऱ्या लावल्या. बरोबर वीस झाल्या, एकही चिंचोका उरला नाही. पोरगा ओरडलाच, "पप्पा, हिशोब जुळला!" जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशोब, आणि माझ्या सोसायटीच्या पतपेढीचा अजून जुळत नाही.

लेखाच्या ब्राह्मी लिपीतला क म्हणजे आपलं अधिकचं चिन्ह, ठ म्हणजे नुसता गोल. हे कळल्यावर आठवडाभर घरातल्या सगळ्या वह्यांवर अधिक आणि गोल. भिंतीला मात्र बोट लावायचं नाही हे पहिल्या दिवसापासून बजावलंय.

आता फसलेलं. फसलेलं म्हणण्यापेक्षा टोचणारं. माझी आई. तिचे वडील २ मार्च १९३०ला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाला गेलेले, असं घरात सांगतात. स्वतः आई चौथीपर्यंत शिकली, तेही वर्गाच्या कडेला बसून. ती म्हणाली, "बाबासाहेबांनी शिका सांगितलं, आणि तू नातवाला शाळेतून काढतोस?" मी तिला मुक्त विद्यालय, परीक्षा सगळं समजावलं. ती ऐकून घेते, मग रोज रात्री त्याला जवळ घेऊन पाढे म्हणून घेते. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही. दिलेलं पटेल असं माझ्याकडे नाहीये बहुतेक.

मधल्या_सुट्टीतली

आमचं चार महिन्यांत आटोपलं. मी घरून काम करते. मीटिंग चालू असताना मुलगा मागून "आई, शी झाली" म्हणून ओरडायचा, यापलीकडे 'दैनंदिन व्यवहारातून शिक्षण' काही झालं नाही. परत घालायला गेलो तर एका शाळेतल्या बाईंनी दाखला नाही म्हणून परत पाठवलं. शिक्षण हक्क कायद्यात वयाप्रमाणे त्या वर्गात प्रवेश द्यायचा असं स्पष्ट आहे, दाखल्यासाठी अडवता येत नाही. दुसऱ्या शाळेत झालं काम. मुलगा खूश आहे, मी त्याहून. कुणाला हे वाचून अपराधी वाटत असेल तर वाटून घेऊ नका.

मांडवाखाली

दिंडोरी तालुका, दोन एकर द्राक्ष. आमच्या पोरीला मोजणी बागेनं शिकवली. द्राक्षवाल्याच्या घरात तारीख कुणी विचारत नाही, छाटणीचा कितवा दिवस ते विचारतात. ऑक्टोबर छाटणी झाली की ती कॅलेंडरवर १, २, ३ असं लिहीत जाते. डोळे फुटले, फुलोरा आला, विरळणी, मण्यात पाणी उतरलं, सगळं त्या आकड्याखाली चित्र काढून. १२० पर्यंतचे आकडे असे पाठ झाले, शिकवणी लावली नाही. साखर मोजायच्या नळीत बघून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, पण वाचते. अठरा दिसलं की व्यापाऱ्याच्या आधी हिला कळतं.

एक गोष्ट कटाक्षानं पाळतो. फवारणीच्या दिवशी आणि नंतरही पोरीला बागेत सोडत नाही. त्या दिवशी आजीसोबत भाकरी. भाकरीचा नकाशा होतो, पण खातो आम्ही.

मागच्या खेपेला ऐन काढणीला अवकाळी आला, मणी तडकले. तिनं विचारलं, आता वजाबाकी करायची का? मी म्हटलं, आज नको.

शरणपूरची_नात

आमच्याकडे वाचन बायबलमधून आलं. मोठ्या टाइपाचं आईचं बायबल, रोज संध्याकाळी एक उतारा. मुलगी आधी आठवणीने 'वाचायची' आणि बोट भलतीकडेच फिरायचं. एके दिवशी बोट आणि शब्द एका जागी आले, ते आईलाच आधी कळलं. रविवारी उपासनेनंतर सगळी पोरं आवारात मनसोक्त हुंदडतात. आठवड्यातली सोबतीची भूक तिथेच भागते.

आई या गोष्टीला घाबरत नाही, कारण तिच्या डोक्यात लक्ष्मीबाई टिळक आहेत. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नाहीत, अक्षरओळख घरी नवऱ्याने, ना. वा. टिळकांनी करून दिली, आणि पुढे त्यांनी काय मराठी लिहिलं! राहिल्याही आपल्या नाशकात. मी आईला म्हणते, अगं त्या अपवाद. ती म्हणते, मग हीही अपवाद.

एक कबुली. ख्रिसमसचा कामट्यांचा तारा करताना मुलीला कोन शिकवायचे असं मी ठरवलं होतं. "कोन नको, चिकटवूया" म्हणाली. चिकटवला. वाकडा झाला. दारावर लावलाय.

पाड्यावरचा_मास्तर

राग मानू नका, पण लिहितो. मी पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. द्राक्षाचं काम सुरू झालं की माझ्या वर्गातली निम्मी पोरं आई-बापाबरोबर दिंडोरी-निफाडकडे जातात. तीही 'दैनंदिन व्यवहारातून' शिकतात. घड मोजतात, धाकट्याला सांभाळतात, रानातली भाजी ओळखतात, झाडावर चढतात. त्याला कुणी गृहशिक्षण म्हणत नाही, शाळाबाह्य म्हणतात. आणि त्यांना शाळेची गरज आहेच. दुपारचा आहार, पुस्तकं, आणि आपलं नाव कुणीतरी रोज पुकारतं ही गोष्ट. तुमच्याकडे परत फिरायला दार आहे, म्हणून तुम्हाला बाहेर पडता येतं.

शिकवता छान, हे मान्य. चिंचोक्यांचा हिशोब मी उद्या वर्गात घेणार आहे.

गोदाकाठची

मास्तर, राग नाही. दोनदा वाचलं. उत्तर सुचलं तर लिहीन.

मांडवाखाली

सर, आमच्या बागेत पेठची माणसं येतात. त्यांची दोन पोरं आमच्या पोरीबरोबर कॅलेंडर लिहायची. ती गावी परत गेली तेव्हा वही बरोबर दिलती. शाळेत नेली का ते विचारता येईल तुम्हाला?

पाड्यावरचा_मास्तर

गाव कळवा.

सिडकोतली_आई

परीक्षेचं काय करता? माझा मुलगा सहाचा आहे, आत्ताच धडकी भरते.

पायऱ्या_मोजणारा

सहाव्या वर्षी झोप घ्या. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या (एनआयओएस) मूलभूत शिक्षणात अ, ब, क असे तीन स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे. दहावीला किमान वय १४. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. कायद्यात गृहशिक्षण हा शब्दच नाही, त्यामुळे विचारणारा प्रत्येक जण वेगळं सांगतो. कागद मात्र पहिल्यापासून जपा. जन्मदाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, आणि मुलाच्या वह्या तारखेसकट. शेवटचं माझ्या आईच्या समाधानासाठी जास्त.

लगोरीबाज

मी बाबा, दोन मुलगे, सहा आणि नऊ. आमचा अभ्यासक्रम म्हणजे मैदान. पण सकाळी अकरा वाजता गोल्फ क्लब मैदानावर जाऊन बघा. कोण असतं? निवृत्त मंडळी आणि कुत्री. सगळी पोरं शाळेत! तीन आठवडे माझ्या पोरांनी आजोबा लोकांबरोबर हास्यक्लब केला. हसायला छान शिकली, लगोरीला सातजण जमेनात. मग उलटं केलं. सकाळी घरातलं काम नि वाचन, आणि साडेचारनंतर आळीतली पोरं सुटली की दिवेलागणीपर्यंत बाहेर. लगोरी, डोंगर-पाणी, विटीदांडू. राज्य कुणावर यावरून जी भांडणं होतात त्यातून ती जे शिकली ते मला शिकवता आलं नसतं. मी सोडवायला जायचो, बायकोने हाताला धरून बसवलं.

धाकटा आंब्यावरून पडला, उजवं मनगट. प्लास्टर. तेवढ्या काळात डाव्या हाताने लिहायला लागला, आता दोन्हीने लिहितो, दोन्ही अक्षरं सारखीच वाईट.

टाकळीचे_आजोबा

टायपिंग नातवाचे, चुका माझ्या. आम्ही टाकळीला राहतो. समर्थांनी इथे बारा वर्षे तप केले. गोमय मारुतीपुढे नातू आणि मी रोज बारा सूर्यनमस्कार घालतो. माझे सहा होतात, तो बारा मोजतो. समर्थ नदीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून जप करत, हे सांगितल्यावर त्याने विचारले, "मग पाय सुरकुतले नाहीत?" मासे पायांना टोचे मारत, अशी आख्यायिका सांगितली. त्याने त्याच दिवशी बादलीत पाय घालून पाऊण तास काढला आणि सुरकुत्या मोजून मला दाखवल्या. श्रद्धा आहे की विज्ञान, माझ्याने ठरत नाही. त्याची आई म्हणते, सर्दी आहे.

मी माळकरी. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला यंदा त्याला अंजनेरी फाट्यापासून चालवत नेले. टाळ धरायला दिले. ताल चुकला की शेजारचे बुवा नुसते त्याच्या खांद्यावर बोट ठेवत, बोलत नसत. परतेपर्यंत चुकायचे थांबले. मी आयुष्यभर मुलांना ओरडून शिकवले, हे बोट मला आधी कुणी दाखवले असते तर!

त्यानंतरच्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला गेलो. गोदावरी-कादवाच्या संगमावरचे पाणी, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आलेले, राज्यातले पहिले. चापडगावच्या मनोऱ्यावर वनखात्याच्या माणसाने दुर्बीण लावून दिली. हळदी-कुंकू बदक, शेकाट्या, जांभळी पाणकोंबडी दाखवली. मग काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा असलेले शेकडो पक्षी. म्हणाला, हे वारकरी. नातू दुर्बीण सोडेना. "आजोबा, यांनी गंध कपाळभर लावलंय. हे एकादशी करतात का?" मी म्हटले, बघ तूच काय खातात ते. बराच वेळ ते पाण्यातली हिरवळ उपटून खात होते. तो समाधानाने मान डोलवत होता. तेवढ्यात एकाने बुडी मारली आणि चोचीत काहीतरी वळवळणारे घेऊन वर आला. गिळले.

नातू माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "याच्या गळ्यात माळ नाहीये, आजोबा. मी नीट बघितलं."