झेडपी शाळेतल्या पोरांले किती येते हे गावानं तपासलं तर चालते का?

कापूसपट्टा (यवतमाळ जिल्हा):
नमस्कार मंडळी. आमची शाळा चौथीपर्यंत, गुर्जी दोन, मी शाळा व्यवस्थापन समितीत पालक सदस्य आहे. पोरांची वर्षातून तीनदा ती पॅट, म्हणजे राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते, पायाभूत, संकलित एक अन संकलित दोन. पेपर वरून छापून येतात, गुर्जी तपासतात, मोबाईलवर चॅटबॉटमध्ये मार्क भरतात, अन तिथून पुढं ते मार्क काय कामाचे होतात हे आमच्या समितीत कोणालेच सांगता येत नाही. मीटिंग होते पण पोषण आहाराचा तांदूळ, संडासची दुरुस्ती, गळकं छप्पर यातच संपते, पोरांले वाचता येते का हा विषय निघतच नाही. माझ्या पोरीचे मार्क बरे आहेत पण बियाण्याच्या थैलीवरचं वाच म्हटलं तर अक्षर लावून लावून वाचून राह्यली. अन संकलित एक येते तवा नेमकी कापसाची वेचणी, मोठी पोरं वावरात नाहीतर घरी लहान भावंडं सांभाळत, म्हणजे मापायचा दिवसबी आमच्या हंगामाशी जुळत नाही. समितीनं ठराव घेऊन गावातच पोरांचं वाचन अन हिशोब तपासला तर कायद्यात बसते का? गुर्जी म्हणतात वरून आदेश पाहिजे. माणूस चांगला आहे, त्याइले अडचणीत नाही आणायचं.

खडू (झेडपी शिक्षक, वाशीम):
भाऊ, नवीन आदेशाची गरज नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे. कलम 29 नुसार मूल्यमापनाची पद्धत राज्याचं शैक्षणिक प्राधिकरण ठरवतं, त्यामुळं पॅट घेणार नाही असा ठराव गावाला करता येणार नाही, तो विषय सोडा. पण कलम 24 वाचा, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासणं आणि पालकांच्या नियमित बैठका घेऊन हजेरी, प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. कलम 21 मध्ये समितीला शाळेच्या कामकाजावर देखरेखीचा अधिकार दिलाय, तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. कलम 22 नुसार शाळेचा विकास आराखडा समितीच करते, त्यात फक्त खोल्या न् कंपाउंड लिहायचं असं कुठंच नाही, "तिसरीतलं प्रत्येक लेकरू दिवाळीपर्यंत गोष्ट वाचेल" हे पण लिहिता येतं.
आणि आकारिक मूल्यमापन, म्हणजे वर्गात वर्षभर चालणारी तपासणी, तर 2010 पासून आमच्याच हातात आहे, निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय. खरं मोजमाप तिथंच होतं. पण दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, वरून रोज एक ऑनलाईन माहिती, मग त्या नोंदी सत्राच्या शेवटी एकदम लिहिल्या जातात, आणि हे मला मनापासून लागतं. समितीनं दर महिन्याला त्या नोंदी पाहायला मागितल्या तर आम्हालाही त्या वेळेवर लिहायला सवड मागता येईल.

सातपुडा (धारणी):
आमच्याकडं पोरं घरी कोरकू बोलतात. पेपर प्रमाण मराठीत. पोरगा बकऱ्यांचा, मजुरीचा हिशोब तोंडी बरोबर करतो पण शाब्दिक उदाहरणातलं वाक्यच त्याला उमजत नाही अन कागदावर नोंद होते गणित कच्चं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात शक्य असेल तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा म्हटलंय, मग तपासताना तरी ती चालू द्या ना! गावातली बारावी झालेली पोरगी त्याला कोरकूत विचारेल, पुण्यात बसून पेपर काढणारा कसा विचारेल? शिवाय कामाला बाहेर गेलेली कुटुंबं होळीला परत येतात, त्यांची पोरं कोणत्या चाचणीला हजर होती हे बघितल्याशिवाय शाळेचा निकाल लावू नये.

माजी केंद्रप्रमुख:
मी जरा विरुद्ध बोलतो. सगळं गावाच्या हातात दिलं की सगळीच पोरं हुशार निघतात. सरपंचाचा नातू नापास कोण लिहिणार? मी नोकरीत असताना शाळेनंच काढलेले पेपर खूप बघितले, फळ्यावर आधीच सोडवून घेतलेले असायचे. म्हणून बाहेरचं एक माप राहिलंच पाहिजे. पण त्या मापाची मर्यादा पण समजून घ्या. असर म्हणजे प्रथम संस्थेचं घरोघरी जाऊन वाचन-गणित तपासणारं सर्वेक्षण, ते जिल्ह्यातल्या 30 गावांत, गावात 20 घरं असं होतं, डिसेंबर 2024 चं केंद्र सरकारचं परख सर्वेक्षण निवडक शाळांत तिसरी, सहावी, नववीचं झालं. त्यातून जिल्हा कळतो, राज्य कळतं, तुमच्या गावातली अमुक पोरगी कुठं अडली ते कळत नाही, ते तुम्हीच बघायला पाहिजे.
असरची पद्धत सोपी आहे, अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट, आणि अंक ओळख, वजाबाकी, भागाकार. एकेका लेकराला बाजूला बसवून दहा मिनिटात होतं. चारचौघात उभं करून वाचायला लावू नका, आणि नावांची यादी भिंतीवर तर अजिबात नको, पोरगं शाळाच सोडेल. शक्य असेल तर शेजारच्या गावच्या समितीनं तुमची पोरं तपासावी, तुम्ही त्यांची, म्हणजे नात्यागोत्याचा प्रश्न मिटतो.
आणखी एक, 2023-24 पासून पाचवी, आठवीला वार्षिक परीक्षा आलीय, पुनर्परीक्षेतही नापास झालं तर त्याच वर्गात बसावं लागतं. चौथीत कळलं तर उपाय करता येतो.

चंद्रपूरवाला:
तारखांचं पण बोला कोणीतरी. 2025 ला पहिली ते नववीचं अख्ख्या राज्याचं एकच वेळापत्रक काढलं, 8 ते 25 एप्रिल. आमच्याकडं त्या टायमाला ऊन चाळिशीच्या वर असतं. परीक्षा घ्या, पण दिवस जिल्ह्याला ठरवू द्या.

कापूसपट्टा:
लय धन्यवाद. सातपुडावाल्यांचं पटलं, आमच्या पोडावरची (आदिवासी वस्तीवरची) कोलाम लेकरं पण त्याच अडचणीत आहेत, त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेतलं कोणी शोधतो. शेजारच्या गावच्या समितीशीबी बोलून राह्यलो. खडू सर, ठराव कसा लिहायचा तेवढं सांगा, गुर्जींवर आरोप वाटू नये असा.

खडू:
असा लिहा: "शालेय विकास आराखड्याचा भाग म्हणून दर दोन महिन्यांनी प्रत्येक मुलाचे वाचन व गणित शिक्षकांच्या सोबतीने तपासावे, गरजेनुसार मुलाच्या घरच्या भाषेत. नोंद त्या पालकालाच दाखवावी. पॅटचे निकालही बैठकीत मांडावेत." खाली सगळ्यांच्या सह्या, एक प्रत केंद्रप्रमुखांना द्या आणि पोच घ्या. पहिली तपासणी वेचणीच्या आधी उरकून घ्या.