हेवी लायसन्स (ट्रक-बसचं), बॅज, ट्रायल (आरटीओची चाचणी): तुमचे आणि घरातल्यांचे अनुभव लिहा

आडगावची लेक:
काल पेठ रोडला आरटीओत भावाचं काम होतं. तिथे एक पोरगा ट्रक रिव्हर्स घेत होता. मान खिडकीबाहेर, घामाघूम, आणि इन्स्पेक्टर मॅडम शांतपणे बघत उभ्या. एकदम पप्पा आठवले. आडगाव नाक्यावरून त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला, कांदा आणि द्राक्षं घेऊन पार कोलकात्यापर्यंत. तेव्हा ट्रान्सपोर्टचं (व्यवसायाच्या गाड्यांचं) लायसन्स दर ३ वर्षांनी रिन्यू करावं लागायचं (२०१९ च्या दुरुस्तीत ते ५ वर्षं झालं). ती तारीख आमच्याकडे कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलेली असायची.

कसारा उतरायच्या आधी पप्पा गाडी बाजूला घ्यायचे. ब्रेकच्या हवेचा काटा पुरता वर येऊ द्यायचे, मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचे आणि कान देऊन ऐकायचे. कुठे 'सूं' आलं, काटा उतरायला लागला, तर गाडी जागची हलायची नाही, मग व्यापाऱ्याचा कितीही तगादा असो. हे त्यांना कुठल्या इन्स्पेक्टरने सांगितलेलं नव्हतं.

माझं मत स्पष्ट आहे. हेवी चालवणाऱ्याची परीक्षा कडकच हवी, आणि जो ती पास होतो त्याला मानही तेवढाच मिळायला हवा. लिहा सगळ्यांनी.

सिन्नर फाटा:
ताई, डोळ्यात पाणी आलं. आमचे अण्णा पण असेच. टायर ठोकून आवाज ऐकल्याशिवाय चहा नाही घ्यायचे.

लालपरी निवृत्त:
एसटीत हयात गेली, म्हणून लिहितो. नुसतं हेवी असून भागत नाही, प्रवासी गाडीला बॅज (आरटीओचा बिल्ला) लागतो. आमच्या ट्रायलला साहेबांनी गाडी चढावर थांबवायला लावली आणि म्हणाले, आता उचला. मागे वीतभर सरकली तरी नापास. माझ्या पुढचा गडी दहा टायर चालवून आलेला, हात एकदम साफ, पण त्याने गाडी उचलताना आरशात बघितलं नाही. साहेबांनी तिथेच उतरवलं. तेव्हा राग आला होता सगळ्यांना. पुढे सप्तशृंगी गडाच्या वळणांवर भरलेली गाडी नेली तेव्हा साहेबांचं म्हणणं पटलं. मागे कोण आहे ते बघितल्याशिवाय तिथे गाडी उचलताच येत नाही.

उतारावर एकच सांगेन. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून आहेत. नुसत्या ब्रेकवर गाडी उतरवली की ब्रेकचे लायनर तापतात, आणि तापले की पाय कितीही दाबा, गाडी ऐकत नाही.

शेपूची भाजी:
काका 🙏 मोबाईलवर वाचतेय, कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते

पिंपळगावचा बागायतदार:
मालकाच्या बाजूने लिहितो. आमच्या छोट्या टेम्पोला अपघात झाला. ड्रायव्हर चांगला, कार्डावर एलएमव्ही (हलकी गाडी), ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. विमा कंपनीने तेवढ्यावर हात वर केले. वकिलाच्या पायऱ्या झिजवल्या. अशा केसमध्ये कंपनी आधी जखमीला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते, असाही निकाल लागतो. म्हणजे बाग विकायची पाळी.

६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला: गाडीचं एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर एलएमव्ही लायसन्सवर मालवाहू गाडीही चालवता येते, वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. त्या दिवशी सुटल्यासारखं झालं. पण गाडी घेताना आरसी बुकावरचं वजन स्वतः वाचा. आपल्याकडे टेम्पो म्हटला की सगळे एकाच मापात मोजतात. भरल्या वजनाने ७,५०० च्या वर गेलात की हा निकाल कामाचा नाही. ज्वलनशील मालालाही नाही.

द्वारका सर्कल:
भाऊ हे आमच्या ग्रुपवर टाकू का? तीन जणांचं भांडण मिटेल 😄

पिंपळगावचा बागायतदार:
टाका की. यंदा बागेचं कसं तुमच्याकडे? डावणी रोग आलाय इकडे.

द्वारका सर्कल:
आमची बाग नाही हो, गॅरेज आहे

मनमाडची माहेरवाशीण:
आमचे हे पानेवाडीला टँकर भरतात. तिकडचं लायसन्स आणखी वेगळं. धोकादायक मालासाठी ३ दिवसांचं ट्रेनिंग लागतं, त्याचा शेरा लायसन्सवर पडतो, आणि त्याची मुदत ३ च वर्षं. आधी तर दर वर्षी होतं. गाडीत ट्रेम कार्ड ठेवावं लागतं: माल काय आहे, सांडला तर काय करायचं, आग लागली तर पाणी मारायचं की नाही, सगळं त्यावर. ह्यांना ते तोंडपाठ आहे. मुलीची परीक्षा होती तेव्हा दोघं समोरासमोर बसून पाठ करायचे, ती भूगोल, हे ट्रेम कार्ड.

जानेवारी २०२४ च्या संपात लोक पंपावर रांगा लावून ड्रायव्हरांना शिव्या देत होते. संप नव्या कायद्यावरून होता: अपघात करून न कळवता पळाल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षा त्यात लिहिली होती (ते कलम तेव्हा लागू केलं नाही). पळून जाणं वाईटच, ह्यांनाही मान्य आहे. पण थांबलं तर जमाव मारतो ही भीती खोटी नाही. तेव्हा दोन रात्री घरात कुणी झोपलं नाही.

सिन्नर फाटा:
वहिनी खरंय. चूक कुणाचीही असो, आधी मार मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला.

सातपूरचा नवशिका:
मी २१ वर्षांचा आहे. ट्रान्सपोर्टला २० पूर्ण लागतात आणि हलक्या गाडीचं लायसन्स किमान १ वर्ष जुनं लागतं, त्याशिवाय हेवीचं कच्चं मिळत नाही. ते दोन्ही झालं. आता अडचण सांगतो. नियमात हेवीचं ट्रेनिंग किमान ३० दिवस आणि प्रत्यक्ष १५ तास स्टिअरिंगवर, असं आहे. मी फी भरली त्या ठिकाणी एका गाडीवर सात पोरं. मला जेमतेम औरंगाबाद रोडला सरळ पट्ट्यात चालवायला देतात, रिव्हर्सला स्वतःच बसतात. म्हणतात सर्टिफिकेट मिळेल, टेन्शन नको. मला सर्टिफिकेट नको असं नाही, पण मला गाडी यायला हवी आहे.

लालपरी निवृत्त:
बाळा, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. नियमाचा कागद दाखवून तास मागून घे, लाजू नकोस. आणि रविवारी ये, ओळखीच्यांच्या मोकळ्या ट्रकवर रिकाम्या यार्डात रिव्हर्स दाखवतो. दोन ड्रम ठेवायचे आणि मधून घ्यायचा. मागचा ओव्हरहँग (मागच्या चाकांमागचा भाग) किती झुलतो ते आधी गाडीबाहेर उभं राहून बघायचं, मग आत बसायचं.

सातपूरचा नवशिका:
काका 🙏🙏 मेसेज करतो

दवाखाना अंबड:
माझ्याकडे फॉर्म १ अ (लायसन्ससाठीचं डॉक्टरी सर्टिफिकेट) साठी रोज कुणी ना कुणी येतं. ट्रान्सपोर्टला वय काहीही असो, तो लागतोच. त्यात साधा प्रश्न आहे: चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का? मी माणसाला दारात उभं करून रस्त्यापलीकडच्या गाड्या वाचायला लावतो. परवा एक वयस्कर गृहस्थ आले, चाळीस वर्षांचा अनुभव, पण ८ आणि ३ सारखेच दिसत होते. मोतीबिंदू. सही केली नाही. रागावून गेले. ऑपरेशन करून पेढे घेऊन आले आणि म्हणाले, डॉक्टर, रात्री समोरच्या लाइटला पिसारा फुटायचा, मला वाटायचं सगळ्यांनाच तसं दिसतं. न तपासता सही करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, असं करू नका.

शेपूची भाजी:
आले परत. माझी मावसबहीण हेवी शिकतेय, एसटीत जायचंय तिला. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, ताई, क्लच दाबायला ताकद लागते. तिने सीट पुढे ओढली, पाठीला उशी लावली आणि दाबून दाखवला. सीट जुळवणं हे शिकण्यातलं पहिलं काम, हे तिला तरी कुणी सांगितलं नव्हतं. आता आठवी पासची अट गेली ना हो? तिची मैत्रीण विचारतेय.

आडगावची लेक:
हो, लायसन्ससाठी २०१९ ला काढली. पण भरतीला शिक्षणाची अट वेगळी असते, जाहिरात नीट वाचायला सांगा. आणि बहिणीला शाब्बास सांगा माझ्याकडून!

नांदूर नाका:
मिर्ची चौकात ८ ऑक्टोबर २०२२ ला पहाटे बस आणि ट्रकची धडक होऊन बस पेटली, तेव्हा आम्ही धावत गेलो होतो. जास्त लिहवत नाही. तेव्हापासून रात्रीच्या गाडीत बसलो की ड्रायव्हर दादांना विचारतो, झोप झाली का? बहुतेक जण हसून उत्तर देतात. एक जण म्हणाले, दादा, हे पहिल्यांदा कुणी विचारलं. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला ८ तासच काम लिहिलं होतं. लायसन्स पक्कं आणि ड्रायव्हर अर्धवट झोपेत, तर त्या परीक्षेचा काय उपयोग?

मनमाडची माहेरवाशीण:
दादा, तुम्ही विचारता हे वाचून खूप बरं वाटलं.

द्वारका सर्कल:
१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीचं केलंय, तेवढं तरी झालं. मे महिन्यात धुळ्याकडे जाऊन बघा, बॉनेटची धग थेट पायावर येते.

सिन्नर फाटा:
एक विचारायचं होतं. चुलत्यांचं ट्रान्सपोर्टचं संपून दीड वर्ष झालं, आजारी होते. आता रिन्यू होईल का?

लालपरी निवृत्त:
मुदत संपल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज केला असता तर सरळ झालं असतं. आता परत ट्रायल द्यावी लागेल. हात सुटला असेल तर त्यांनाही रविवारी घेऊन या, पोरगा येतोच आहे.

सिन्नर फाटा:
आणतो काका. भाकरी आमच्याकडून.